दुसऱ्या दिवसाचं रील कुणी का काढत नाही?

काल रात्री दुकान बंद करून, जेवून आडवा झालो आणि पाचच मिनिटं म्हणून मोबाईल हातात घेतला. पहिलंच रील. एक पोरगा, मागं जांभळी लाईट, शर्टाला बटणाएवढा माईक, आणि बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "डिझायनर लोकांचं काम संपलं! ही सात एआय टूल्स माहीत नसतील तर तुम्ही पण संपलात!" आता मी २००३ पासून कराडात डीटीपीचं दुकान चालवतोय, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, पतसंस्थेचे अहवाल, फ्लेक्स, म्हणजे संपलेला माणूस तो मीच. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मग उद्या डबा करायचा का नाही ते आत्ताच सांगा."

तिथंच मोबाईल ठेवायला पाहिजे होता. नाही ठेवला. वर सरकवलं तर दुसरा, मग तिसरा, चौथा, सगळ्यांची तीच सात टूल्स, तोच क्रम, तेच हातवारे, एकाच्या व्हिडिओत तर खाली कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुसट दिसत होतं, ते पुसायचे कष्ट पण घेतले नव्हते. अर्धा तास गेला. बीपीची गोळी आधीच घेतली होती, म्हणून मग लिहायला बसलो.

आधी एक कबूल करतो, नाहीतर कुणीतरी म्हणणारच की काका घाबरले. टूलमुळं काम जातं हे मला शिकवायची गरज नाही, मी स्वतःच तसा या धंद्यात आलोय. ज्या प्रेसमध्ये मी शिकायला लागलो तिथं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे एक आजोबा होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. खिळ्यांच्या पेटीतून न बघता अक्षर उचलायचे, उलटा जुळवलेला मजकूर पेपर वाचल्यासारखा वाचायचे. मालकानं कॉम्प्युटर घेतला, पानं लावायचं पेजमेकर आलं, मराठी फॉन्टची श्रीलिपी आली, आणि सहा महिन्यांत अण्णांचे खिळे किलोवर भंगारात गेले. त्यांच्या जागेवर बसलेलं पोरगं म्हणजे मी. पुढं फ्लेक्स आला तेव्हा बोर्ड रंगवणारे पेंटर बसले, त्यातल्या एकाला मीच डिझाईन शिकवलं, आता तो माझ्यापेक्षा जास्त कमावतो, असो.

पण त्यावेळी कॉम्प्युटर विकायला आलेला माणूस दोन दिवस प्रेसमध्ये ठाण मांडून बसला होता. आमचाच मजकूर, आमच्याच कागदावर काढून दाखवला. 'ज्ञ' कुठल्या कळीवर, रफार कसा द्यायचा, अर्धा 'श' दोन प्रकारचा असतो त्यातला कुठला येणार, हे सगळं अण्णांनीच त्याला खोदून खोदून विचारलं, ज्यांचं काम जाणार होतं त्यांनी. आणि तिसऱ्या दिवशी प्रिंटर अडकला तेव्हा त्याला फोन केला तर तो एसटीनं आला. त्या माणसाला तिसरा दिवस माहीत होता. आत्ताच्या रीलमध्ये फक्त पहिला दिवस असतो, त्यातलीही पहिली तीस सेकंदं.

मला ही रीलं बघितली की पालची जत्रा आठवते. खंडोबाच्या जत्रेत तो सॅलड कटर विकणारा असायचा बघा, पुढ्यात गाजर-काकड्यांचा ढीग, कानाला माईक, आणि एकदा गाजर फिरवलं की फूल, काकडी फिरवली की झालर, कोबी तर असा उडायचा की पाऊस. आईनं घेतलं. घरी आल्यावर पहिलंच गाजर मोडलं, दुसऱ्याला बोट कापलं, तिसऱ्यांदा आईनं ते फडताळात ठेवलं ते आजतागायत तिथंच आहे. वडील नुसते हसले, म्हणाले, "कटर त्यानं तुला दिलं, हात घरी घेऊन गेला." पण तरी त्या माणसाबद्दल मला आदर आहे, कारण त्यानं दहा हजार गाजरं खरंच कापली होती. रीलवाल्यानं गाजरसुद्धा कापलेलं नसतं. त्यानं गाजर कापणाऱ्याचा व्हिडिओ उचललेला असतो.

आता हे चालतं कसं ते सांगतो, कारण मी त्यात जाऊन आलोय (हसू नका). रीलच्या शेवटी येतं, "कमेंटमध्ये टूल असं लिहा, लिंक पाठवतो." लिंक खाली लिहायला त्याला काय होतं? पण लिहिली तर तुम्ही बघून निघून जाल. कमेंट आल्या की रील आणखी लोकांपुढं सरकतं, लिंक पाठवायचं काम मशीन करतं, तेही आधी फॉलो करा मग पाठवतो म्हणतं, लिंक उघडली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ग्रुपवर पीडीएफ 'एक हजार प्रॉम्प्ट' (म्हणजे एआयला द्यायच्या सूचना), आणि पीडीएफच्या पाठोपाठ वेबिनार, म्हणजे ऑनलाईन क्लास, मूळ किंमत ९,९९९ रुपये, फक्त आज ९९. वर घड्याळ उलटं पळतंय, दहा मिनिटं राहिली. मी पान रिफ्रेश केलं. परत दहा मिनिटं राहिली. तरी भरले ९९, म्हणलं बघू तरी.

दोन तासांचा वेबिनार. पहिला पाऊण तास त्याची कहाणी, मी पण तुमच्यासारखाच होतो, मग गरिबी, मग एक रात्र, मग गाडीचा फोटो. मधे वीस मिनिटं खरंच काहीतरी दाखवलं, एका टूलमध्ये 'बेकरीचा लोगो बनव' असं लिहिलं आणि लोगो आला. बेकरी कुणाची? कुणाचीच नाही. म्हणजे ना "नाव जरा मोठं करा" म्हणणारा मालक, ना त्याच्या मेव्हण्याचं "लाल नको, राहू काळ आहे," ना जीएसटी नंबर, ना पाठकोऱ्या कागदावर एका रंगात बसवायची भानगड. गिऱ्हाईकच नसेल तर लोगो मलाही मिनिटात येतो. उरलेला वेळ ४,९९९ च्या कोर्सची जाहिरात, आणि चॅटमध्ये लोकांचे 'घेतला सर', 'घेतला सर' इतक्या एका लयीत येत होते की ते लोक होते का कोण होते देव जाणे.

यातली सगळ्यात निर्लज्ज आयडिया म्हणजे फुकटची गोष्ट गुपित म्हणून विकणं. जुलै २०२५ मध्ये एअरटेलनं आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो नावाचं एआय एक वर्ष फुकट दिलं. नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी गो, जे ३९९ रुपये महिना होतं, ते कंपनीनंच भारतात वर्षभर फुकट केलं. पेपरात बातम्या होत्या. आणि रीलवर? "ही सिक्रेट ट्रिक कंपनीला कळायच्या आत वापरा!" अरे बाबा, कंपनीनंच दिलंय, तिला कधी कळायचं.

बरं, दुकानात काय होतं ते सांगतो, तिथं खरी मजा आहे.

मागच्या लग्नसराईत एक गृहस्थ पत्रिकेचा मजकूर मोबाईलवर घेऊन आले, म्हणाले पोरानं एआयवर बनवलाय, फक्त छापा. वाचला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' गायब, त्याच्या जागी 'हा केवळ विवाह नाही, तर दोन कुटुंबांच्या सुंदर प्रवासाची सुरुवात आहे'. ठीक आहे, ज्याची त्याची आवड. पण खाली जिथं पोरांच्या नावानं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असतं ना, तिथं लिहिलं होतं, 'काकांच्या विवाह सोहळ्यास आपली उपस्थिती आमच्यासाठी प्रेरणादायी ठरेल', आणि नाव चार वर्षांच्या पोरीचं. मी म्हणलं, साहेब, ही पोरगी आमदार आहे का? ते पण हसायला लागले. जुना मजकूर परत घातला. पैसे तेवढेच घेतले, वेळ दुप्पट गेला, कारण आधी त्यातलं काय काढायचं ते शोधा आणि मग घाला. कोऱ्या कागदावरून सुरुवात केली असती तर वीस मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. एका निवृत्त शिक्षकांच्या दशक्रियेचा फ्लेक्स आणि शोकसंदेश. पोरांनी रात्री दोनला मजकूर पाठवला, सकाळी आठला फ्लेक्स पाहिजे. गडबडीत मी पण वरवर वाचला, शब्द सगळे शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, म्हणून डोळा पुढं पळाला. छपाईला सोडायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचतो मी, अण्णांची सवय लागलीय. शेवटची ओळ अशी होती, 'तुम्हाला हवे असल्यास मी हा संदेश आणखी भावनिक करून देऊ शकतो.' सहा बाय चार फुटांवर ती ओळ गेली असती, घाटावर, सगळ्या गावासमोर, सरांच्या फोटोखाली. मला घाम फुटला. त्या पोरांना मी काही बोललो नाही, बाप गेलाय, रात्री दोन वाजता कोण काय वाचणार. पण रीलवर जो सांगतो ना की "आता लिहायची गरजच नाही," त्याला त्या दिवशी माझ्या दुकानात उभं करायला पाहिजे होतं.

आणि फोटो. जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो एआयनं रंगीत आणि चकचकीत करून मिळतो म्हणून एकजण आजोबांचा फोटो करून आला, मोठा करून फ्रेम पाहिजे होती. सोबत आजी होती. आजीनं फोटो हातात घेतला, चष्मा वर-खाली केला, आणि विचारलं, "हे कोण?" त्या टूलनं आजोबांना नवीन दात दिले होते, गाल भरले होते, नाक सरळ केलं होतं. फोटो फाटका असला की ते मधली जागा अंदाजानं भरतं, अंदाज आपल्या आजोबांचा नसतो. मूळ फोटो स्कॅन करून मी हातानं डाग काढले, दोन तास लागले. आजोबांचं नाक वाकडंच राहिलं, आजी खूश.

मेरियम-वेबस्टर डिक्शनरीनं २०२५ चा शब्द म्हणून 'स्लॉप' निवडला, एआयनं ढिगानं ओतलेला टाकाऊ माल त्याला म्हणतात. मूळ अर्थ चिखल, मग डुकरांना घालायचं उष्टं-खरकटं. मराठीत मी आंबोण म्हणणार होतो, पण आंबोण पौष्टिक असतं, त्यावर म्हैस दूध देते. खरकटंच बरं. आमच्या गल्लीतल्या मावशींच्या फेसबुकवर रोज ते येतं, सैनिक आजोबा केक घेऊन बसलेत, 'आज माझा वाढदिवस, कुणीच शुभेच्छा दिल्या नाहीत', आजोबांच्या हाताला सहा बोटं, आणि खाली हजारो लोकांचे 'हॅपी बर्थडे आजोबा'. आषाढीला तर कहर. विठ्ठलाचे फोटो, कमरेवरचे हात सोडून एक हात आशीर्वादाला वर! अरे, विठ्ठल विटेवर कमरेवर हात ठेवून उभा आहे हे शेंबडं पोर पण सांगेल. त्याच फोटोवर 'माऊली' लिहून लोक पुढं पाठवतात, पंढरीला जाऊन आलेली माणसं पण. मावशींना म्हणलं तर म्हणतात, "असू दे रे, देवच आहे ना." यावर माझ्याकडं उत्तर नाही.

हां, खरकटं एआयच्या आधी नव्हतं असं नाही. पु. लं.च्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेल्या कविता आणि नाना पाटेकरांच्या नावावर सुविचार फिरतच होते की. फरक एवढाच की तेव्हा एका रिकामटेकड्याला बसून ते लिहावं लागायचं. आता तेवढीही मेहनत उरली नाही, सकाळी साचा लावला की दिवसभर शंभर निघतात. यूट्यूबनं जुलै २०२५ पासून अशा साच्यातल्या, घाऊक व्हिडिओंना पैसे मिळायचा नियम नव्या नावानं कडक केला म्हणतात, माझ्या मोबाईलवर तरी फरक जाणवला नाही.

आणि पहिलाच दिवस दाखवायची खोड नुसती गल्लीतल्या पोरांची नाही हां, मोठेही तेच करतात. डिसेंबर २०२३ मध्ये गुगलनं आपल्या जेमिनी या एआयचा व्हिडिओ काढला होता, माणूस कागदावर बदक काढतोय आणि जेमिनी त्याच्याशी पटापट बोलतंय. नंतर कबूल करावं लागलं की आत स्थिर फोटो आणि लिहिलेले प्रश्न दिले होते, आणि वेळ कापून कमी केली होती. ह्युमेन नावाच्या अमेरिकन कंपनीची ती छातीला लावायची पिन, ६९९ डॉलरला, वर महिन्याला २४ डॉलर, मोबाईलची गरजच संपणार म्हणाले होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये आली, २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीचा बराचसा भाग एचपीनं घेतला आणि २८ फेब्रुवारीला पिना बंद. वर्ष पण धड नाही. ज्यांनी 'भविष्य आलं' म्हणून व्हिडिओ केले होते त्यातल्या किती जणांनी 'बंद पडलं' म्हणून केला, बघा शोधून.

मीही एकदा अडकलोय, सांगूनच टाकतो. फोटोचं बॅकग्राउंड काढायचं एक अ‍ॅप, रीलवरूनच, 'फक्त २ रुपयांत ट्रायल'. भरले दोन रुपये यूपीआयनं. त्याच वेळी बारीक अक्षरात ऑटोपेला होकार गेला, तीन दिवसांनी ४९९ कटले, पुढच्या महिन्यात परत ४९९. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं कापायच्या चोवीस तास आधी मेसेज यावा लागतो, आणि तो आला पण होता, लोनच्या आणि रमीच्या मेसेजांच्या ढिगात. पंधरा हजारांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळं खिशातून गेलेलं कळतच नाही. कुणाचं असं झालं असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असं असतं तिथं जाऊन बघा, आत्ताच बघा, मी तिथं गेलो तर पोरीनं कधीतरी घेतलेलं आणखी एक सापडलं.

कायदे आहेत बरं का याला. उलटं पळणारं खोटं घड्याळ, ट्रायलच्या नावाखाली सापळा, हे सगळं केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न', म्हणजे गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्या, म्हणून यादीत घातलंय, एकूण तेरा प्रकार आहेत. गंमत म्हणजे चॅटजीपीटी आलं ते ३० नोव्हेंबर २०२२ ला, त्याच्या बरोबर वर्षभर आधी. पैसे किंवा कमिशन घेऊन सांगत असाल तर जाहिरात आहे असं स्पष्ट लिहिलं पाहिजे, हे पण २०२१ पासून अ‍ॅस्की या जाहिरातवाल्यांच्याच संस्थेच्या नियमात आहे, आणि दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जांभळ्या लाईटवाल्या कुणाच्याही रीलवर 'जाहिरात' हा शब्द मी अजून बघितलेला नाही. लिंकमधून तुम्ही घेतलं की त्याला बऱ्याचदा दर महिन्याला कमिशन जातं, म्हणून सातही टूल्स महिन्याच्या वर्गणीची असतात, एकदाच विकत घ्यायचं टूल कधीच यादीत नसतं. बघा आठवून.

मग मी काय वापरतो? वापरतो की. जुनं पुस्तक परत टाईप करायचं असलं की गुगल ड्राईव्हवर स्कॅन टाकून मजकूर काढून घेतो, छापील मराठी बऱ्यापैकी येतं, र आणि स, भ आणि म यांची गल्लत होते तेवढी बसून काढतो, तरी आठवड्याचं काम दोन दिवसांवर आलंय. अहवालाची भाषणं मोबाईलवर बोलून टाईप करतो. चित्रात मराठी अक्षरं पूर्वी पार विस्कटायची, आता मोठं शीर्षक बरोबर येतं, बारीक मजकुराचा मात्र भरवसा नाही, तो मी कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्येच टाकतो. आणि माझं सगळ्यात लाडकं टूल म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांत, बदलणारा कन्व्हर्टर, एक साधं पांढरं पान, दोन चौकोन, मधे एक बटण. कुणीतरी स्वतःला गरज पडली म्हणून बनवून ठेवलंय. २००५ च्या फायली त्यामुळं आज उघडतात. त्याचं रील कुणी करणार नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही आणि कमिशनही नाही.

आज सकाळी गंमत झाली. आमच्याच मागच्या गल्लीतला पोरगा दुकानात आला, मी ओळखतो त्याला लहानपणापासून, आता इन्स्टावर 'एआय एक्स्पर्ट' आहे, ९९ रुपयांचा क्लास त्याचा पण आहे. म्हणलं ये बाबा, काय पाहिजे? म्हणाला, "काका, बिलबुक पाहिजे. दोन पुस्तकं, पन्नास पावत्यांची, खाली कार्बनवाली कॉपी." मी म्हणलं, अरे तुझ्या त्या सात टूल्समध्ये बिल बनवायचं पण आहे ना, मी बघितलंय तुझं रील. तर मान खाली घालून म्हणतो, "ते दर महिन्याला पैसे मागतं, काका."

चहा पाजला त्याला. पोरगं वाईट नाही. सहा महिने पुण्यात नोकरी शोधत होता, मिळाली नाही, म्हणून हे. जाताना दारातून परत आला, म्हणाला, नंबरिंग एकपासून नको, ५०१ पासून टाका, म्हणजे लोकांना धंदा जुना वाटेल. टाकतोय. उद्या संध्याकाळी द्यायचीत.